रोज एक फोटो की रविवारचा ग्रुप शूट? सोलापुरात राहून फोटोग्राफी शिकणाऱ्या एका मित्राला उत्तर

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला, लगेच दोन ओळीत उत्तर देऊन टाकावं असं वाटलं होतं पण मग म्हटलं नको, याला नीट बसून लिहू. कारण हाच प्रश्न मला वर्षातून दहाजण तरी विचारतात.

आधी तुम्ही काय विचारलंय ते माझ्या शब्दात सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. तुम्ही सात रस्त्याजवळ एका मेडिकल दुकानात काम करता, सकाळी दहा ते रात्री नऊ, मध्ये जेवायला दोन तास. सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय, त्यावर किटची, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी, १८-५५ झूम लेन्स. रोज एक फोटो असं वर्षभर करायचं ठरवलं, पहिल्यांदा तेविसाव्या दिवशी तुटलं, परत सुरू केलं ते एक्केचाळिसाव्या दिवशी तुटलं. हार्डडिस्कवर चार हजार फोटो पडलेत. मधे एकदा रविवारी सिद्धेश्वर तलावावर एका ग्रुपबरोबर गेलात, तिथं सगळ्यांकडे मोठ्या लेन्सा, तुम्ही कडेला उभे राहिलात आणि घरी आल्यावर बघितलं तर तुमचा फोटो आणि बाकी वीस जणांचा फोटो एकच. आता तुमचं म्हणणं, दोन्हीतलं नेमकं काय करू, की हे सगळं सोडून आधी ५० एमएमची लेन्स घेऊ.

मी गेली बावीस वर्षं या धंद्यात आहे. लग्नं करते, आणि इथल्या कारखान्यांचे चादर-टॉवेलचे कॅटलॉग शूट करते. आमचा बारा-पंधरा जणांचा रविवारचा फिरण्याचा गट आहे, त्याला नावबिव काही नाही. रोज एक फोटो मी स्वतः पूर्ण वर्षभर एकदा केलाय, आणि त्याआधी दोनदा माझंही तुटलंय, त्यामुळं तुमचं दुखणं मला आतून माहितीये.

आता मला काय दिसतंय ते सांगते. चार हजार भागिले चौसष्ट दिवस, म्हणजे दिवसाला साठाच्या वर फोटो झाले. यातले किती फोटो तुम्ही दुसऱ्यांदा उघडून बघितले? तुमच्या अख्ख्या प्रश्नात काढलं, टाकलं, तुटलं हे शब्द आहेत पण "बघितलं" हा शब्द एकदाच आलाय, तोसुद्धा दुसऱ्यांच्या फोटोशी तुलना करताना. मला तरी अडचण इथंच दिसते. रोजचा फोटो आणि रविवारचा ग्रुप यांच्यामधे एक तिसरं काम असतं, काढलेलं परत बघण्याचं, ते तुमच्याकडं होतच नाहीये. ते नसेल तर रोजचा फोटो ही नुसती हजेरी होते आणि ग्रुप शूट ही नुसती सहल होते. ते जमलं की मग दोन्ही एकमेकाला धरून चालतात, एकच निवडायची गरजच राहत नाही.

थोडं परिस्थितीवरही आहे, ते कबूल करते. तुम्हाला वर्षभरात लग्नाची कामं घ्यायची असतील तर माझा सल्ला वेगळा असेल, मग कोणा फोटोग्राफरबरोबर एक सीझन असिस्टंट म्हणून जा, लाईट धरा, बॅगा उचला, त्याला पर्याय नाही. तुम्ही प्रश्नात तसं काही म्हटलेलं नाही, तुम्ही म्हटलंय "मला माझं गाव नीट काढता यायला पाहिजे". हे वाक्य मला लई आवडलं म्हणून पुढचं सगळं त्याला धरून लिहितेय. आणि घरी लहान मूल असेल, आजारपण असेल, शिफ्ट बदलत असेल तर रोजचा नियम आठवड्यातून चार दिवसांचा केला तरी काही बिघडत नाही.

आता रोजच्या फोटोचं. तो का तुटतो? तुम्हीच लिहिलंय की रात्री साडेनऊला घरी आल्यावर आठवतं, अरे आजचा राहिला, मग चहाच्या कपाचा नाहीतर पंख्याचा एक काढून टाकता. असं पंधरा दिवस चाललं की त्या फोटोंची आपल्यालाच लाज वाटायला लागते आणि एक दिवस कंटाळून सोडून देतो. माझं अगदी असंच झालं होतं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मी दोन गोष्टी बदलल्या. एक, वेळ ठरवली, दुपारी जेवण झाल्यावरचा अर्धा तास, तेव्हा उजेड वाईट असतो हे माहीत असूनही तीच ठेवली कारण तीच माझ्या हातात होती. दुसरं, रोज "चांगला फोटो" काढायचा हे डोक्यातून काढून टाकलं, आठवडाभर एकच गोष्ट बघायची असं ठरवलं. एक आठवडा फक्त सावली. एक आठवडा फक्त हात. एक आठवडा फक्त पांढरा रंग. विषय आधीच ठरलेला असला की रात्री साडेनऊचा गोंधळ होत नाही, सकाळी घरातून निघतानाच नजर लागलेली असते.

आणि दिवसाला दहाच फ्रेम, अकरावी नाही. दहाच म्हटल्यावर बटण दाबायच्या आधी माणूस थांबतो, दोन पावलं पुढं जातो, खाली बसतो. त्या दहातला एक निवडायचा आणि वहीत एक ओळ लिहायची, का काढला आणि काय हुकलं. बास. "ऊन जास्त झालं", "माणूस पोचायच्या आधी दाबलं", एवढीच ओळ. माझी ती वही अजून आहे, त्यात मार्चभर एकच तक्रार सारखी दिसते, "लांबून काढला".

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करू नका. ती जागा रिकामी ठेवा, तारीख लिहा, का चुकला ते लिहा आणि पुढं चला. तुमचं दोन्ही वेळा तुटलं ते एक दिवस चुकला म्हणून तुटलं ना? साखळी तुटली की सगळं वाया गेलं असं वाटतं, पण आधीच्या बावीस दिवसात जे शिकलात ते कुठंही जात नाही. जेमी लिव्हिंगस्टन नावाचा एक अमेरिकन होता, त्यानं ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, रोज एक पोलरॉईड काढला. अठरा वर्षांच्या वर. त्यातले कितीतरी फोटो अगदी साधे आहेत, मित्र, जेवणाचं ताट, खोली, शेवटी शेवटी दवाखाना. सुटा एकेक बघितला तर काहीच वाटत नाही, ओळीनं लावले की अख्खं आयुष्य समोर येतं. मला या माणसाबद्दल कळलं तेव्हा रोजच्या फोटोकडून काय अपेक्षा ठेवायची हे पहिल्यांदा लक्षात आलं.

तुम्हाला वाटतं दुकानात अडकल्यामुळं फोटो काढायला मिळत नाही. मी उलट म्हणेन, तुमचं दुकान हा चांगला वर्ग आहे. रस्त्याकडून उजेड आत येतो, काउंटरपाशी भरपूर असतो आणि मागच्या रॅकपर्यंत जाईतो संपतो. सकाळी अकराला काउंटरवरच्या बरणीचा फोटो काढा, मग तीच बरणी मागच्या रॅकवर ठेवून काढा, सेटिंग बघा. पुढं आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, आकडा मोठा तितकं कमी उजेडात भागतं) २०० वर भागलं असेल तिथं मागं १६०० नाहीतर ३२०० लागेल. डोळ्याला एवढा फरक जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. हे एकदा स्वतः मोजून बघितलं की एक्सपोजरवरचे, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा त्यावरचे, दहा व्हिडिओ बघायची गरज नाही. वरून ट्यूबलाईट आणि बाहेरून दिवसाचा उजेड असे दोन रंगही तिथं मिसळतात, त्यामुळं चेहऱ्याची एक बाजू हिरवट आणि एक निळसर का येते तेही तिथंच कळेल. एक विनंती मात्र, औषध घ्यायला आलेल्या माणसाचा चेहरा, त्याची चिठ्ठी, औषधाचं नाव हे फ्रेममध्ये येऊ देऊ नका. त्याचं दुखणं ही त्याची खाजगी गोष्ट आहे. हात चालतील, सुट्टे पैसे मोजणारे हात, पिशवी धरलेले हात, तेसुद्धा विचारून. आणि मालकाला आधी सांगून ठेवा.

ट्यूबलाईटचं निघालंच आहे तर एक सांगते, हे कुणी लवकर सांगत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधी ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. आपल्याला दिसत नाही पण शटर १/५०० (म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग) ठेवलं तर एक फोटो उजळ, पुढचा काळपट, कधी आडवे पट्टे, असं येतं आणि नवीन माणसाला वाटतं कॅमेरा बिघडला. शटर १/१०० नाहीतर १/५० करा, बरंचसं थांबतं. मला हे पूर्व भागातल्या एका पॉवरलूमच्या शेडमध्ये कळलं. तिथं तर गंमतच आहे, शटर वेगवान ठेवलं तर धोटा (आडवा दोरा इकडून तिकडं नेतो तो) हवेत थिजतो आणि माग बंद पडल्यासारखा दिसतो, १/१५ वर आणलं तर धोट्याची पांढरी रेघ होते आणि शेजारी स्थिर उभा असलेला कामगार स्पष्ट येतो. मागाचा तो वेग, तो खडखडाट दाखवायचा असेल तर दुसराच फोटो खरा. शटर स्पीड म्हणजे काय हे मला पुस्तकातनं कधीच इतकं नीट कळलं नव्हतं. पण शेडमध्ये लेन्स बदलू नका कधी! कापसाची भुकटी हवेत तरंगत असते, सरळ सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, जाऊन बसते. आणि आत गेल्यावर त्या आवाजात परवानगी मागता येत नाही, ती बाहेरच मागून घ्यायची. तिथं तेलुगू बोलणारे बरेच, "बागुन्नारा" (बरे आहात ना) एवढं तेलुगू जरी बोललात तरी समोरचा हसतो आणि मग चहा प्यायल्याशिवाय सोडत नाही.

पांढऱ्या रंगाचा आठवडा मी सगळ्यांना करायला लावते, त्याचं कारण आपला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या दिवसात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात तेव्हा हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत (बंद बांधायच्या अंगरख्यात) असतात आणि दरवर्षी नवीन पोरं माझ्याकडं फोटो घेऊन येतात, ताई बघा ना सगळं मळकट आलंय. कॅमेऱ्याला बाराबंदी कळत नाही हो. समोर जे आहे ते साधारण करड्या उजेडाचं असणार असं धरून तो मोजतो, म्हणून सगळीकडे पांढरं दिसलं की तो फोटो दाबतो, काळोखा करतो. तिथं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा काळोखा करायचं सेटिंग) अधिक एकवर न्यायचं, ऊन फार असेल तर अधिक ०.७ वर थांबायचं म्हणजे कापडाचा पोत उडत नाही. हिप्परग्याच्या तलावात डुंबणाऱ्या म्हशी काढताना बरोबर उलटं, तिथं उणे करायचं, नाहीतर म्हशी करड्या होतात. आता हे जानेवारीत गर्दीत शिकायला जाऊ नका, तिथं काठीबरोबर पळायचं असतं, मेन्यू उघडायला वेळ नसतो. आत्ता दुकानातल्या पांढऱ्या खोक्यांवर आणि कापसाच्या गुंडाळीवर शिका.

उन्हाबद्दलही तुम्ही लिहिलंय की आमच्याकडं उजेड नेहमी कडकच असतो. खरं आहे, एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या पुढं जातो आणि अकरा ते चार बाहेर बघवत नाही. पण तुमचे मोकळे दोन तास दुपारचेच आहेत, मग त्याच उन्हाचा अभ्यास करायचा. लक्ष्मी मार्केटमधे ताडपत्रीच्या फटीतनं येणारे पट्टे, दुपारच्या बोळातली अर्धी उन्हाची आणि अर्धी सावलीची भिंत, सावलीत झोपलेला हमाल, हे सगळं त्या दोन तासातच मिळतं. उजळ भागावर एक्सपोजर धरायचा आणि सावली काळी होऊ द्यायची. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाला सावलीच राहत नाही, शून्य सावलीचा दिवस. ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतो पण तेव्हा ढग असतात. माझ्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला मला सगळ्यात आवडणारा फोटो त्याच दिवसाचा आहे. रिकाम्या चौकात एक पाणी विकणारा पोरगा, पायाखाली जेमतेम एक काळा ठिपका.

सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडाचं महत्त्व वेगळं. टेरी टॉवेलचं शूट करताना मी लाईट कायम बाजूनं आणि खाली ठेवते, समोरनं मारला तर टॉवेल सपाट फरशीसारखा दिसतो, बाजूनं आला की एकेक लूप उभा राहतो. हीच गोष्ट हत्तरसंग कुडलला बघा. भीमा आणि सीनेच्या संगमावरच्या त्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ त्यात आहे. समोरून बघितला तर दगडावर नुसते ओरखडे वाटतात, बाजूनं टॉर्चचा उजेड धरला की अक्षरं वर येतात. आमच्या गटातल्या एका कॉलेजच्या मुलीनं तिथं पहिल्यांदा साइड लाईट म्हणजे काय ते ओळखलं, तोपर्यंत तिला तो शब्द फक्त पाठ होता.

आता ग्रुपचं. तुम्हाला तिथं अवघडल्यासारखं झालं याचं मला वाईट वाटलं. लांब लेन्स असणं आणि बघता येणं याचा काही संबंध नाही, पण वीस जण रांगेत ट्रायपॉड लावून उभे असले की नवीन माणूस बिचकतो हे खरंय. आणि तुमचा फोटो सगळ्यांसारखा आला त्यात तुमचा दोष नाही, सगळे एकाच कट्ट्यावर एकाच वेळी एकाच दिशेला उभे होते, वेगळा येणार कुठनं. तलावात देऊळ आणि पाण्यात प्रतिबिंब हा फोटो प्रत्येकानं एकदा काढावाच, वारा सुटायच्या आधी, उजाडताना. एकदा काढून झाला की मात्र त्याच्याकडं पाठ करायची आणि मागं कोण आलंय ते बघायचं. पोहायला आलेले म्हातारे, कणीक टाकणारी बाई, भुईकोटाच्या भिंतीला टेकून पेपर वाचणारा रिक्षावाला.

ग्रुपचा खरा उपयोग शूट संपल्यावर असतो. आम्ही दोन तास फिरतो आणि मग चहाला बसून प्रत्येकजण तीनच फोटो दाखवतो, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरच. तीनपेक्षा जास्त नाही. आणि "मस्त", "भारी" म्हणायला बंदी. सांगायचं असेल तर एवढंच सांगायचं, माझी नजर आधी कुठं गेली आणि नंतर कुठं गेली. एवढ्यानं फार कळतं हो. एकदा मार्केट यार्डात हिवाळ्यात कांद्याच्या गाड्या लागल्या होत्या, आम्ही सगळे ढीग काढत होतो, पोती काढत होतो. आमच्यातल्या एका काकांनी, आयुष्य गिरणीत गेलेलं, फक्त हमालाच्या खांद्याचा घट्टा काढला, शर्ट तिथं झिजून जाळी झालेला. मी त्यांच्यापासून पाच फुटांवर उभी होते. बावीस वर्षांचा अनुभव असून मला तो खांदा दिसला नव्हता. असं काहीतरी शिकायला ग्रुपमध्ये जायचं, आपल्या शेजारच्यानं त्याच जागेत काय बघितलं ते बघायला.

ग्रुपची एक वाईट बाजूही सांगायला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही आठजण एका वस्तीत फिरत होतो, दारात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. एकानं कॅमेरा लावला, त्याचं बघून दुसऱ्यानं, आणि बघता बघता आठही कॅमेरे तिच्यावर. कुणीच विचारलं नव्हतं, मीपण नाही. तिनं मान खाली घातली, सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. दिवसाला हजार विड्यांच्या हिशोबानं जिचं घर चालतं तिचं काम आम्ही थांबवलं. मला ते दार अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी मी एकटी, कॅमेरा न घेता, माफी मागायला गेले. तिनं बसायला सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडं ठरलंय, माणसाजवळ एका वेळी दोघंच जायचं, आधी बोलायचं, नको म्हटलं तर नमस्कार करून निघायचं, आणि फोटो काढला तर पंधरा दिवसात त्याची प्रिंट नेऊन द्यायची. तुम्ही ज्या ग्रुपमधे जाल तिथं असं काही पाळतात का ते बघा. पाळत नसतील तर तुम्ही पाळा. नान्नजला माळरानावर जाणारे ग्रुप असतील तर तिथंही हेच, १९७९ पासूनचं माळढोक अभयारण्य आहे ते, माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग झालाय, पण काळवीट आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, वाट सोडून गवतात शिरून फोटो काढणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

आता ते तिसरं काम, परत बघण्याचं. हे रविवारी संध्याकाळी करा, तासभर लागतो. आठवड्याचे सत्तर फोटो असतील, सातावर आणा, मग सातातला एक निवडा आणि त्याची ४ बाय ६ ची प्रिंट काढा. प्रिंट का, तर मोबाईलवर बोट सरकतं आणि फोटो निघून जातो, भिंतीवरचा फोटो रोज दात घासताना समोर येतो आणि चार दिवसांनी त्यातली चूक आपोआप दिसायला लागते. कोपऱ्यातली पिवळी बादली, डोक्यातून उगवलेला खांब, तिरकी जमीन. बारा आठवड्यांनी बारा प्रिंट ओळीनं लावा आणि एखाद्या जवळच्या माणसाला, फोटोग्राफर नसलेल्या माणसाला, विचारा की यात काय सारखं दिसतंय. मी माझ्या धाकट्या बहिणीला विचारलं होतं. ती म्हणाली, "ताई, सगळी माणसं पाठमोरीच आहेत की गं." मी मोजले, बारातले नऊ. मला माणसांसमोर जायची भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं, पुढचे तीन महिने मी फक्त समोरनं, विचारून, सहा फुटांच्या आतून फोटो काढले. माझं लग्नाचं काम सुधारलं ते तिथनं. तुमच्या चार हजारात तुमची अशीच कुठली तरी सवय लपलेली असणार, म्हणून ते डिलीट करू नका, या रविवारी त्यातलेच बारा निवडा.

राहिलं लेन्सचं. ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं) चांगली लेन्स आहे आणि किटच्या लेन्सच्या ५५ च्या टोकापेक्षा जवळजवळ दहापट उजेड घेते, म्हणजे जिथं आज तुम्हाला आयएसओ ३२०० लागतो तिथं ३२० च्या आसपास भागेल. पण तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यावर ती ७५-८० एमएमसारखी दिसते, तुमच्या दुकानात आणि मंगळवार पेठेच्या बोळात मागं सरकायला जागाच उरणार नाही. म्हणून आत्ता घेऊ नका. महिनाभर किटची लेन्स ३५ वर ठेवा, रिंगला सेलोटेप लावा आणि झूम पायानं करा. नंतरचे दोन महिने टेप काढून मोकळं काढा. मग त्या दोन महिन्यांच्या निवडलेल्या फोटोंची माहिती उघडून फोकल लेंग्थ, म्हणजे किती एमएमवर काढला, ते बघा. बरेचसे ५० च्या पुढं असतील तर ५० एमएम घ्या, ३५ च्या आसपास असतील तर ३५ घ्या, आणि सगळेच १८ वर असतील तर तुम्हाला लेन्स नकोय, अजून थोडं जवळ जायला हवंय.

सुरुवात कधी करायची तर आजच करा, पहिला आठवडा शटर स्पीडचा. रात्री नऊला दुकानाचं शटर खाली ओढतात ना, तेव्हा दोन्ही कोपरं गाडीच्या सीटवर नाहीतर समोरच्या कट्ट्यावर टेकवा, शटर १/१५, आयएसओ ८००, श्वास रोखून. ओढणारा हात हलका पुसट झालेला आणि आतल्या उजेडाची खाली येत गेलेली पट्टी, एवढं आलं तरी पुरे. मग १/६० वर काढा, मग १/२५० वर, आणि तीन दिवसांनी तिन्ही शेजारी ठेवून काय वाटलं ते इथंच लिहा, मी बघते.